श्वानांतील आत्मप्रतिरक्षाजन्य रक्तक्षय : कारणशोध आणि उपचार

बीजसंज्ञा : श्वान, रक्तक्षय, प्रतिपिंड, गोचीड, बबेसिया, रक्तसंक्रमण

प्रस्तावना

घरातील कुत्रा जिना चढताना मध्येच थांबतो, बोलावल्यावर शेपटी हलवतो पण उठत नाही, त्याची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. आणि मग कोणीतरी त्याचा ओठ वर करून पाहिला असता हिरड्या पांढऱ्याफटक दिसतात. हे चित्र अनेक व्याधींचे असू शकते. त्यांपैकी एक विशेष गंभीर व्याधी म्हणजे आत्मप्रतिरक्षाजन्य रक्तक्षय होय. या व्याधीत कुत्र्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशी परक्या समजून नष्ट करू लागते. पाळीव प्राणी असणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांतही या व्याधीविषयी पुरेशी माहिती आढळत नाही. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप, निदान व उपचार यांचा परामर्श घेतला असून आपल्याकडील परिस्थितीत एका मुद्द्यावर भर दिला आहे. तो असा की, ‘आत्मप्रतिरक्षा’ हे नाव कारण सांगत नाही, केवळ घडणारी प्रक्रिया सांगते. म्हणून उपचार आणि कारणाचा शोध ही दोन्ही कामे पहिल्याच दिवसापासून एकत्र चालली पाहिजेत.

व्याधीचे स्वरूप

शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करू शकते, ही कल्पना शास्त्रज्ञांनी सहजासहजी स्वीकारली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिक यांनी शरीर अशी आत्मघातकी प्रतिक्रिया टाळते, असा विचार मांडला होता. परंतु 1904 मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी मनुष्यातील एका रक्तविघटन विकारात स्वतःच्याच रक्तपेशींना चिकटणारा घटक दाखवून दिला. पुढे 1945 मध्ये रॉबिन कूम्ब्स यांनी मुरंट व रेस या सहकाऱ्यांसह पेशींवर चिकटलेली प्रतिपिंडे ओळखण्याची कसोटी प्रसिद्ध केली. मानवी वैद्यकात आजही वापरल्या जाणाऱ्या या कसोटीचे जनक शिक्षणाने पशुवैद्य होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

कुत्र्याची तांबडी रक्तपेशी सामान्यतः 110 दिवसांच्या आसपास जगते. या व्याधीत पेशीच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे चिकटतात आणि प्लीहा व यकृत यांतील भक्षकपेशी तिला गिळून टाकतात. काही वेळा भक्षकपेशी पेशीच्या आवरणाचा केवळ लचका तोडते. उरलेली पेशी मग आकुंचन पावून गोल होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली अशा गोलपेशी स्पष्ट ओळखता येतात. विध्वंस थेट रक्तवाहिन्यांतच झाला तर हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडते व लघवी गडद होते. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे घनफळ शेकडा 37 ते 55 असते. या व्याधीत ते काही दिवसांतच 15 च्या खाली जाऊ शकते. अस्थिमज्जा नव्या पेशी तयार करू लागते खरी, पण तिचा प्रतिसाद रक्तात दिसू लागण्यास तीन ते पाच दिवस लागतात. रुग्णाची खरी कसोटी याच दिवसांत असते.

येथे दोन प्रचलित गैरसमजांचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. रक्त कमी झाले म्हणून लोहाचे टॉनिक, यकृताचे मांस किंवा बीट देणे हा पहिला. या व्याधीत लोह शरीरातच असते, पेशी टिकत नाहीत. डोळे पिवळे दिसतात म्हणून काविळीचे झाडपाल्याचे औषध देणे हा दुसरा. ही कावीळ मुख्यतः फुटलेल्या पेशींमुळे होते, मूळ दोष यकृतात नसतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी सात वर्षांच्या कुत्रीला हा विकार जडला, तेव्हा पहिले तीन दिवस नेमके याच दोन उपायांत गेले. प्राणिशास्त्राचे अध्यापन करूनही हा प्रमाद घडला, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

निदान आणि आपल्याकडील विशेष

निदानाच्या प्राथमिक कसोट्या साध्या आहेत. काचपट्टीवर रक्ताच्या एका थेंबात सलाईनचे चार थेंब मिसळावे. तरीही पेशींचे पुंजके कायम राहिले, तर प्रतिपिंडांची शंका बळावते. गोलपेशींचे अस्तित्व, कूम्ब्स कसोटी आणि रक्तविघटनाची लक्षणे यांचा एकत्रित विचार करून निदान केले जाते. पशुवैद्यकीय अंतर्वैद्यकाच्या अमेरिकन महाविद्यालयाने, म्हणजे तेथील तज्ज्ञांच्या संघटनेने, 2019 मध्ये निदान व उपचार या दोन्हींविषयी सहमतीची निवेदने प्रसिद्ध केली असून जगभर त्यांचाच आधार घेतला जातो.

पाश्चात्त्य ग्रंथांत या व्याधीचे जे वर्णन येते, त्यात कारण न सापडणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी असते. कॉकर स्पॅनियल जातीत ती अधिक आढळते, हेही तेथे सांगितलेले असते. परंतु ते वर्णन जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येत नाही. याचे कारण गोचीड होय. वर नमूद केलेल्या निवेदनात संसर्ग आणि हा रक्तक्षय यांच्या संबंधाचा तपशीलवार विचार झाला असून, कुत्र्यांच्या बाबतीत सर्वाधिक सबळ पुरावा ज्या जंतूविषयी मिळतो तो ‘बबेसिया गिब्सोनी’ हा आहे. रक्तपेशीत राहणाऱ्या या एकपेशीय परजीवीचे पहिले वर्णन भारतातूनच झाले. 1910 मध्ये पॅटन यांनी मद्रास येथील शिकारी कुत्र्यांच्या आणि नंतर कोल्ह्याच्या रक्तात तो पाहिला. तपकिरी गोचिडीवाटे पसरणारा ‘एर्लिकिया कॅनिस’ हा जिवाणूही आपल्याकडे सर्रास आढळतो. आत्मप्रतिरक्षा अशक्यप्राय मानणाऱ्या एर्लिक यांचेच नाव या जिवाणूच्या प्रजातीस मिळावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

बबेसिया गिब्सोनी आकाराने अतिशय लहान असतो आणि जुनाट संसर्गात त्याची संख्या इतकी अल्प असते की, रक्तलेपात तो दिसला नाही म्हणून तो नाहीच, असे म्हणता येत नाही. त्यासाठी जनुकीय तपासणी, म्हणजे पी.सी.आर., करावी लागते आणि एकदा नकारार्थी आल्यास ती पुन्हा करणे इष्ट ठरते. अहवाल येण्यास काही दिवस लागतात. रुग्णाकडे तेवढे दिवस असतीलच असे नाही.

उपचारातील पेच

उपचाराचा पाया प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. प्रारंभी दररोज प्रतिकिलो वजनास 2 ते 3 मिलिग्रॅम ही मात्रा प्रचलित असून मोठ्या कुत्र्यांत ती 2 च्या वर नेत नाहीत. प्रतिसाद अपुरा असल्यास अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन किंवा मायकोफेनोलेट यांपैकी एक औषध जोडतात. ही सर्व औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. परजीवी शरीरात असताना ती दाबली, तर परजीवी फोफावण्याची भीती असते. आणि न दाबावी, तर अहवाल येण्यापूर्वीच रुग्ण दगावू शकतो. हाच तो पेच होय. प्लीहा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हाही दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी एक पर्याय आहे. पण बबेसियाला आवरणारा मुख्य अवयव प्लीहाच असल्याने संसर्ग वगळल्याशिवाय तिचा विचार करणे धोक्याचे ठरते.

उपरोक्त कुत्रीच्या बाबतीत पेशींचे घनफळ 14 वर आले होते आणि रक्तलेपात परजीवी दिसला नव्हता. पशुवैद्यांनी पी.सी.आर.साठी रक्त काढून घेतले आणि त्याच दिवशी प्रेडनिसोलोन व डॉक्सिसायक्लिन सोबतच सुरू केले. औषधांपूर्वी रक्त काढणे, हा यातील महत्त्वाचा भाग. कुटुंबीयांनी या वेळी विचारावयाचा प्रश्नही हाच आहे : संसर्गाच्या तपासणीसाठी नमुना घेतला आहे काय?

रक्तसंक्रमणाविषयी अनेकांच्या मनात संकोच असतो. नवे रक्तही नष्ट होणार, मग ते का द्यावे, असे विचारले जाते. ते रोग बरा करीत नाही, हे खरेच. मात्र अस्थिमज्जेला आणि औषधांना आवश्यक असलेला अवधी त्यामुळे मिळतो. कुत्र्यांत पहिल्या संक्रमणाच्या वेळी तीव्र विरोधी प्रतिक्रिया सहसा येत नाही. नंतरच्या प्रत्येक वेळी मात्र रक्तजुळणी अनिवार्य समजावी. अडचण आहे ती दात्याची. प्राण्यांच्या रक्तपेढ्या देशात अद्याप मोजक्याच आहेत. बहुतेक गावांत परिचितांचा एखादा निरोगी, सुमारे 25 किलोंहून अधिक वजनाचा, लसीकरण झालेला कुत्रा शोधावा लागतो. बबेसिया रक्तातूनही संक्रमित होत असल्याने दात्याची तपासणी टाळू नये. आमच्या कुत्रीला एका विद्यार्थ्याच्या लॅब्राडॉरने रक्त दिले.

या व्याधीत मृत्यू ओढवतो तो पुष्कळदा रक्त कमी झाल्याने नव्हे, तर फुप्फुसात अथवा अन्यत्र रक्ताच्या गुठळ्या झाल्याने. म्हणून क्लोपिडोग्रेल किंवा हेपॅरिन यांसारखी गुठळीरोधक औषधे आरंभापासून दिली जातात. पहिले दोन आठवडे सर्वांत घातक असतात आणि योग्य उपचार होऊनही अनेक कुत्री दगावतात, हे कुटुंबाला स्पष्टपणे सांगितले जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खोटी आशा आणि अकाली निराशा या दोहोंमुळे निर्णय चुकतात.

दीर्घकालीन शुश्रूषा

घनफळ 30 च्या वर जाऊन दोन आठवडे स्थिर राहिले की स्टेरॉइडची मात्रा साधारणतः दर तीन आठवड्यांनी एक चतुर्थांशाने कमी करतात. एकूण उपचार कित्येक महिने चालतो. या काळात कुत्रा अतोनात पाणी पितो, घरात लघवी करतो, अन्नासाठी अधीर होतो. हा औषधाचा परिणाम आहे, बेशिस्त नव्हे. बरे वाटते म्हणून औषध एकाएकी थांबविणे अत्यंत घातक होय. कांदा-लसणाचे अन्न रक्तपेशींना अपायकारक असल्याने वर्ज्य करावे. हिरड्यांचा रंग रोज एकाच ठिकाणी, एकाच प्रकाशात पाहून लिहून ठेवावा. लसीकरण पुढे ढकलावे लागते. तथापि रेबीजच्या लसीबाबत आपल्याकडील धोका ध्यानात घेऊन पशुवैद्यांशी स्वतंत्र चर्चा करावी.

गोचीड निर्मूलनासाठी फ्लुरालानेर किंवा अफोक्सोलानेर यांच्या गोळ्या उपलब्ध आहेत. मात्र तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत राहून अंडी घालते, त्यामुळे केवळ कुत्र्यावर उपचार करून भागत नाही.

आमच्या कुत्रीचा अहवाल सहाव्या दिवशी आला. बबेसिया गिब्सोनी आढळला. मोठ्या बबेसियावर चालणारे इमिडोकार्ब या लहान प्रजातीवर फारसे प्रभावी ठरत नाही. ॲटोव्हाक्वोन व ॲझिथ्रोमायसिन ही जोडी त्यासाठी अधिक मान्य आहे आणि तीच योजण्यात आली. स्टेरॉइड नेहमीपेक्षा लवकर उतरवता आले. आता तिच्या रक्ताची दर तीन महिन्यांनी तपासणी होते, कारण उपचारानंतरही हा परजीवी शरीरात लपून राहू शकतो. गेल्या तपासणीत घनफळ 41 होते, आणि जिना ती पुन्हा न थांबता चढते.