घामाने निथळलेल्या घोड्यास मीठ आणि पाणी

मे महिन्यात माथेरानला मोटारगाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढे तांबड्या मातीच्या वाटेने प्रवासी नेण्याचे पुष्कळसे काम घोड्यांकडे येते. दुपारपर्यंत अनेक खेपा केलेले तट्टू झाडाच्या सावलीत आणून उभे केले जाते. खोगिराखालची पाठ भिजलेली असते, मांड्यांच्या आतल्या बाजूस पांढरा फेस साचलेला असतो आणि कुशी भराभर उडत असतात. घोडेवाला पाण्याची बादली पुढे करतो. तट्टू तोंड बुडवते, दोन घोट घेते आणि मान फिरवते. त्याला तहान नाही, असे समजून बादली उचलली जाते आणि थोड्या वेळाने पुढचे गिऱ्हाईक पाठीवर बसते. घोडेवाल्याच्या मनात कपट नसते. परंतु घोड्याच्या तहानेविषयीचा हा समज चुकीचा आहे, आणि त्याची किंमत जनावरास व पर्यायाने मालकाच्या रोजीस मोजावी लागते.

घोड्याचा घाम माणसाच्या घामासारखा नसतो. माणसाचा घाम त्याच्या रक्ताहून सौम्य असतो. घामावाटे पाणी अधिक व क्षार कमी जातात, मागे राहिलेले रक्त खारट होते, आणि हा खारटपणा मेंदूस जाणवताच तहान लागते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, किंबहुना त्याहूनही खारट असतो. पाणी आणि क्षार बरोबरीनेच निघून जातात. शरीरातील द्रव घटतो, पण उरलेल्या रक्ताचा खारटपणा वाढत नाही. त्यामुळे मेंदूस मिळावयाची खूण मिळतच नाही. शरीर कोरडे पडत असताना घोडा पाण्याकडे पाठ फिरवतो तो याच कारणाने. त्यातून त्याने थोडे गोडे पाणी प्यालेच, तर रक्त आणखी पातळ होते आणि उरलीसुरली तहानही मावळते. घामात दिसणारा फेस हा लॅथेरिन नावाच्या प्रथिनामुळे येतो. ते केसांवर घाम पसरवून तो लवकर सुकण्यास मदत करते. फेस दिसला म्हणून भिण्याचे कारण नाही; मात्र किती घाम गेला याचा तो एक अंदाज देतो.

हे नुकसान मोजून पाहणे उपयोगाचे ठरेल. घोड्याच्या एक लिटर घामातून साधारणतः ३ ग्रॅम सोडियम, ५ ते ६ ग्रॅम क्लोराइड आणि १ ग्रॅमच्या वर पोटॅशियम जाते. मोठा घोडा कडक उन्हात जोराचे काम करीत असता तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. माथेरानच्या सुमारे ३०० किलो वजनाच्या तट्टाचा दिवसभरात १० लिटर घाम गेला असे धरले, तर ३० ग्रॅम सोडियम, ५५ ग्रॅम क्लोराइड आणि १२ ग्रॅम पोटॅशियम गमावले जाते. यांपैकी पोटॅशियमची चिंता सहसा करावी लागत नाही. गवत, कडबा यांत ते भरपूर असते आणि जनावर पोटभर चारा खात असेल तर ते आपोआप भरून निघते. सोडियम मात्र चाऱ्यात अत्यल्प असते आणि हरभऱ्याच्या चंदीतही नसल्यासारखेच. ते साध्या मिठातूनच द्यावे लागते. ३० ग्रॅम सोडियमसाठी ७५ ग्रॅम मीठ लागते, आणि त्याबरोबर ४५ ग्रॅम क्लोराइडही मिळून जाते. काम नसलेल्या दिवशीही अशा तट्टास सुमारे १५ ग्रॅम मिठाची गरज असतेच. गव्हाणीत टांगलेला सैंधवाचा खडा चांगला. परंतु घाम गाळणारे जनावर तो चाटून आपली सर्व तूट भरून काढील, या भरवशावर राहू नये.

मीठ केव्हा व कसे द्यावे, यास मिठाच्या मापाइतकेच महत्त्व आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लांब पल्ल्याच्या श्रमानंतर काही घोड्यांना प्रथम साधे पाणी, तर काहींना प्रथम मिठाचे पाणी प्यावयास ठेवले. नंतर सर्वांना साधे पाणी दिले. ज्यांनी आरंभी खारट पाणी घेतले त्यांनी पुढे एकंदर पाणी अधिक प्याले आणि गमावलेले वजन अधिक प्रमाणात भरून काढले. खारट पाण्याने तहानेची हरवलेली खूण परत येते, असा याचा अर्थ.

हाच उपाय घोडेपालकास सहज करता येईल. काम संपताच ५ लिटर पाण्यात ४५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून ते पुढे ठेवावे. घरगुती लहान चमचा सपाट भरला तर त्यात ५ ते ६ ग्रॅम मीठ मावते. म्हणजे साधारणतः आठ चमचे पुरतात. शेजारी गोड्या पाण्याची बादली असलीच पाहिजे. खारट पाणी पिऊन झाल्यावर गोडे पाणी हवे तितके पिऊ द्यावे. उरलेले ३० ग्रॅम मीठ संध्याकाळी ओलसर चंदीत कालवून द्यावे. पुष्कळ घोडी पहिल्या दिवशी खारट पाण्यास तोंड लावीत नाहीत. त्यांना हंगामापूर्वीच अगदी सौम्य पाण्यापासून सवय लावावी. तरीही न प्याल्यास मीठ चंदीतच द्यावे. एकदम मोठा डोस, किंवा रिकाम्या पोटी घट्ट मिठवणी देऊ नये. त्याने जठराचे व्रण चिघळतात. बांबूच्या नळीने बळजबरीने पाणी पाजण्याची रीत तर सोडूनच द्यावी, कारण ते पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

येथे आणखी एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. माणसांच्या हगवणीसाठी मिळणाऱ्या क्षार-संजीवनीच्या पुडीत लिटरमागे २.६ ग्रॅमच मीठ असते. घोड्याच्या तुटीपुढे ते काहीच नव्हे. वासरांच्या हगवणीच्या अनेक चूर्णांत खाण्याचा सोडा असतो. हगवणीत रक्त आम्लधर्मी होते म्हणून तो तेथे योग्य. घाम गाळलेल्या घोड्याच्या शरीरातून मात्र क्लोराइड गेलेले असते आणि त्याचे रक्त आधीच अल्कधर्मी झालेले असते. अशा वेळी सोडा दिल्यास भर आगीत तेल पडते. रक्तातील मोकळे कॅल्शियम घटते, श्वासपटलाची मज्जा चिडखोर बनते, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कुशीत उचकीसारखा झटका बसू लागतो. असा झटका दिसताच काम तत्काळ थांबवून पशुवैद्यास बोलवावे.

जुनी माणसे तापलेल्या घोड्यास पाणी पाजू देत नाहीत. पोटशूळ होईल असे म्हणतात. या समजाने जितकी घोडी तहानेली राहिली तितकी दुसऱ्या कशाने राहिली नसतील. श्रमानंतर पाणी रोखून धरण्याने हित होत नाही. फार थंड नसलेले पाणी वरचेवर द्यावे आणि मधल्या खेपांतही बादली दाखवावी. अंगावर गार पाणी ओतल्यास स्नायू आखडतात, हाही तसाच समज. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या पूर्वतयारीत उष्ण व दमट हवेतील घोड्यांवर झालेल्या अभ्यासाने असे भरपूर पाणी ओतणे सुरक्षित व गुणकारी असल्याचे दाखवून दिले. कोकणपट्टीतील दमट हवेत तर याचे महत्त्व अधिक आहे. तेथे घाम सुकत नाही, नुसताच निथळतो. क्षार जातात आणि अंग थंड होत नाही, असा दुहेरी तोटा होतो. क्वचित एखाद्या घोड्याचा घामच बंद होतो. भर उन्हात काम करून कातडी कोरडी राहिली तर ते काटकपणाचे लक्षण समजू नये, तो आजार आहे.

जनावर किती कोरडे पडले आहे हे हाताने पाहता येते. खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडावी. एक-दोन सेकंदांत ती सपाट झाली पाहिजे. म्हाताऱ्या घोड्याची कातडी मुळातच सैल असते, म्हणून प्रत्येक जनावराची विश्रांतीच्या दिवशीची चिमट आधी पाहून ठेवावी. हिरड्या चिकट व कोरड्या नसाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. जबड्याखालची नाडी विश्रांतीत मिनिटास २८ ते ४४ असते. अर्धा तास सावलीत उभे राहूनही ती ६० च्या खाली येत नसेल, किंवा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर त्या दिवशी त्या पाठीवर पुन्हा खोगीर चढवू नये. पोटात गुरगुर ऐकू येत नसेल आणि जनावर चाऱ्यासही तोंड लावीत नसेल, तर बादलीवर विसंबून चालणार नाही. पशुवैद्य नाकावाटे जठरात नळी घालून किंवा शिरेतून द्रव देऊ शकतात.

चाऱ्याचे स्थानही पाण्याइतकेच मोलाचे आहे. घोड्याच्या मोठ्या आतड्यात भिजलेला चारा हा पाण्याचा व क्षारांचा मोठा साठाच असतो आणि घाम गेल्यावर शरीर त्यातूनच उचल करते. दिवसभर नुसत्या चंदीवर ठेवलेल्या तट्टाजवळ हा साठा फारच थोडा उरतो. दोन खेपांच्या मध्ये गवताची एक पेंढी, शक्य तर पाण्यात भिजवून, पुढे टाकावी. रात्री दोन भरलेल्या बादल्या ठेवून सकाळी त्यांतील किती पाणी उरले, लीद कोरड्या गोळ्यांची आहे काय आणि मूत्र गडद झाले आहे काय, एवढे पाहूनच त्या दिवसाच्या खेपा ठरवाव्यात.