बुल्सआय: सव्वाशे वर्षांची उतावळी दारू

अमेरिकेत पिस्तुलाची काडतुसं घरी भरणाऱ्यांच्या फळीवर एक डबा हटकून सापडतो, बुल्सआयचा. आत काळपट करड्या, जेमतेम मिलिमीटरभर चकत्या असतात. त्यांना ग्राफाइटचा हात दिलेला असल्याने त्या बोटांवरून सुळकन घसरतात आणि मागे शिसपेन्सिलीसारखा डाग ठेवतात. लाफ्लिन अँड रँड या कंपनीने ही दारू १८९८ मध्ये बाजारात आणली. १९०२ मध्ये ड्युपाँने ती कंपनी गिळली. पुढे मक्तेदारीच्या खटल्यात न्यायालयाने ड्युपाँचीच वाटणी केली, तेव्हा बुल्सआय नव्या हर्क्युलिस कंपनीच्या पदरात पडली. १९९५ मध्ये तिथून ती अलायंटकडे गेली. मधल्या काळात, १२ सप्टेंबर १९४० रोजी, हर्क्युलिसच्या न्यू जर्सीतल्या केनव्हिल कारखान्यात स्फोट होऊन ५१ माणसं मेली. इतकं सगळं घडूनही दारूचं नाव मात्र तेच राहिलं.

तिला उतावळी का म्हणायचं, ते पिस्तुलाच्या नळीवरून कळतं. ही नळी असते चार-पाच इंचांची, आणि दारू पेटल्यावर गोळी सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात बाहेर पडते. दारूने जे काही करायचं ते तेवढ्यात. रायफलच्या दोन फुटी नळीत सावकाश जळणारी दारू चालते, किंबहुना तीच लागते. पिस्तुलात ती दारू पुरती जळतच नाही, उरलेली नळीच्या तोंडाशी भपकन पेटून वाया जाते. पातळ चकतीचा जळणारा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, म्हणून ती झटकन संपते. शिवाय बुल्सआय दुहेरी जातीची, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या जोडीला तिच्यात सुमारे ४० टक्के नायट्रोग्लिसरीन असतं. पिस्तुलाच्या दारूतही हे प्रमाण चढंच.

धूर न करणाऱ्या दारूचा एक स्वभाव तिचा जनक पॉल व्हिएल याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच ओळखला होता: दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते. बंद जागेत वेग दाबाला चढवतो आणि दाब वेगाला. पुढचं सगळं या एका वाक्यात आहे.

आता पॉइंट ३८ स्पेशलचं काडतूस घ्या. तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचंच, पण काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेलं. वीस-एकवीस ग्रेन काळी दारू मावावी म्हणून त्याची पुंगळी उंच ठेवली होती. बुल्सआय मात्र तीन ग्रेनच्या आतबाहेर भागवते. पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एका डब्यात दोन हजारांवर काडतुसं भरून होतात. नेमबाजाला हे स्वस्त पडतं यात शंका नाही, पण त्या उंच पुंगळीत तीन ग्रेन दारू तळाशी दिसेल न दिसेल इतकीच असते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरल्यासारखी वाटत नाही. बुल्सआयने भरलेली हलकी काडतुसं रिव्हॉल्व्हर फोडतात अशा कहाण्या अमेरिकी नेमबाजांत कित्येक वर्षं चालत आल्या. कुणी दारू विचित्र जळते म्हणे, कुणी धातूला दोष देई. माझं मत साध्या स्पष्टीकरणाच्या बाजूने आहे: बहुतेक वेळा पुंगळीत दुप्पट दारू असणार. पॉइंट ३८ स्पेशलला ठरवून दिलेली दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंडांची आहे. दुप्पट दारू तिच्या पलीकडे कुठवर जाईल हे व्हिएलच्या नात्यावरून ओळखता येतं.

म्हणून भरणाऱ्याचं खरं कसब डोळ्यांत असतं. वापरलेल्या पुंगळ्या घासूनपुसून, साच्यातून मापात आणून, नवे प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या टिकल्या, बसवून पन्नास भोकांच्या ठोकळ्यात उभ्या करतात. मापाची दांडी खालीवर करत एकेकीत दारू सोडतात. मग गोळी बसवण्याआधी ठोकळा दिव्याखाली तिरपा धरून पन्नासही पुंगळ्यांत वाकून बघायचं. सगळ्यांत दारूची पातळी सारखी हवी. एखादी चढी दिसली तर ती ओतून पुन्हा भरायची, आणि कोरडी दिसली तर देवाचे आभार मानायचे. कारण कोरड्या पुंगळीत नुसता प्रायमर फुटतो, गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि ‘फुस्’ आवाजाकडे काणाडोळा करून पुढचा चाप ओढला की नळी फुगते. बऱ्याच अनुभवी लोकांनी बुल्सआय सोडून फुगीर, जास्त जागा घेणारी दारू घेतली ती याच कारणाने. दुप्पट पडली की ती पुंगळीबाहेर सांडते आणि चूक स्वतःच बोभाटा करते.

असं असूनही बुल्सआय टिकली ती मुख्यतः कागदी लक्ष्यावरच्या नेमबाजीमुळे. ओहायोत ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात. तिथल्या पिस्तूल सामन्यात नेमबाज एका हाताने, आधाराविना, २५ आणि ५० यार्डांवर गोळ्या झाडतो. दहा मिनिटांत दहा, मग वीस सेकंदांत पाच, मग दहा सेकंदांत पाच. इथे गोळीचा जोर बिनकामाचा. हवा तो नरम धक्का आणि प्रत्येक गोळीला तोच वेग. कमी दाबावरही नीट पेटून नीट संपणं हे जलद दारूचं वैशिष्ट्य, आणि या सामन्यांतल्या पॉइंट ४५च्या हलक्या काडतुसांत तेच लागतं.

पळत-वळत नेमबाजी करणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग भागिले हजार, हा आकडा खालच्या गटात किमान १२५ लागतो. ११५ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी १,०८७ फुटांचा वेग लागतो, १४७ ग्रेनच्या गोळीला ८५१ पुरतात. दोन्हीकडे गोळीचा संवेग तोच, पण धक्क्यात गोळीमागून सुटणाऱ्या वायूचाही वाटा असतो. जलद दारू कमी लागते, वायूही कमी, म्हणून जड गोळी आणि जलद दारू ही जोडी हाताला मऊ वाटते. नळीच्या तोंडाशी वायू वर फेकणारा कॉम्पेन्सेटर असला की हे सगळं उलटतं. त्याला भरपूर वायूच हवा असतो, मग तोच नेमबाज मंद दारू घेतो. ‘सर्वांत चांगली जलद दारू कोणती’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. आधी पिस्तूल आणि सामना सांगा.

दारूंची जळण्याच्या वेगाप्रमाणे लावलेली उतरंड छापून मिळते. ती भिंतीवर टांगायला बरी. वरचा आणि खालचा यांत अंतर किती, हे ती सांगत नाही, आणि काडतूस बदललं की क्रमही हलतो. तिच्यातली शेजारची दारू घेऊन अंदाजाने माप ठरवणाऱ्याने ही उतरंड न पाहिलेलीच बरी. माप घ्यायचं ते दारू बनवणाऱ्याच्या ताज्या पुस्तिकेतून, तेही खालच्या आकड्यापासून. एकीचं माप दुसरीला चालत नाही याला एक गमतीदार अपवादही आहे: हॉजडनची एचपी-३८ आणि विंचेस्टरची २३१ ही एकच दारू आहे, दोन डब्यांत.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवायला मनाई आहे. काडतुसं भरण्याचं काम खडकीच्या १८६९च्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी चालतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं तो प्रकारही पॉइंट २२चा. त्या काडतुसात पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, ती पुन्हा भरणं व्यवहार्य नाही. अमेरिकेतला नेमबाजही पॉइंट २२ विकतच आणतो.

काम संपलं की दारू मोजणाऱ्या मापावरचं प्लास्टिकचं नळकांडं रिकामं करायचं, हा तिथल्या टेबलावरचा आणखी एक शिरस्ता. एक कारण रासायनिक: दुहेरी दारूतलं नायट्रोग्लिसरीन प्लास्टिकला चढतं, आणि रात्रभर राहू दिली तर नळकांडं धुरकट होऊन खरवडल्यासारखं दिसू लागतं. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी त्या करड्या चकत्या कोणत्या डब्यातल्या हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नाव हरवलेली दारू डब्यात परत जात नाही, भरण्यात तर नाहीच. ती मूठमूठ अंगणातल्या हिरवळीवर पातळ विस्कटून टाकतात. तिच्यात नायट्रोजन असतो, गवताला तो मानवतो असं भरणारे सांगतात.