नावाला घरं किती?

हजेरीपटासारखे रकाने संगणकातही असतात. पण त्याला कळतात फक्त आकडे! म्हणून युनिकोडने अक्षरांना क्रमांक दिले. इंग्रजी मोठ्या 'ए'चा ६५, आपल्या 'क'चा २३२५. हे क्रमांक साठवायला घरं लागतात, त्यांना म्हणतात बाइट. 'यूटीएफ-८' पद्धतीत 'ए'ला १ घर, 'क'ला ३, आणि २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी 'क'ला चक्क ४! 'मायएसक्यूएल' ही माहितीचे तक्ते सांभाळणारी प्रणाली. तिच्या जुन्या 'यूटीएफ८' रकान्यात एका अक्षराला ३च घरं. मग मोडी कशी मावणार? २०१० साली तिथे ४ घरांची सोय झाली. रकाना चुकीचा निवडला, तर नावाच्या जागी नुसती '????' उरू शकतात. मूळ अक्षरं त्यातून परत मिळत नाहीत बरं का! म्हणून आधी रकाना तपासायचा, मगच नाव लिहायचं.