परसातली भिवापुरी मिरची : बी घरचेच ठेवा



उसाचे बेणे लावले की उगवतो तो तोच ऊस. मिरचीचे तसे नाही. तिचे बी फुलातून येते, आणि त्या फुलावर बसलेली माशी आधी कोणाच्या वाडीत जाऊन आली हे कोण सांगणार? आपल्या उमरेड-भिवापूर भागाची भिवापुरी मिरची याच वाटेने घरोघरी बिघडत चालली आहे. जाड सालीची, गर्द लाल, झणझणीत अशी तिची कीर्ती. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण मानांकनाने नाव राखले जाते, बी नाही. संकरित वाण आले, चुरडामुरडा आला आणि पुष्कळांच्या घरचे जुने बी संपले.

तेव्हा यंदा परसात आठ-दहा झाडे लावाच. बी खात्रीच्या जुन्या शेतकऱ्याकडून, वाळल्या मिरचीसकट मागून आणावे. मे महिन्यात पेरण्याची घाई नको. आपल्याकडच्या उन्हात बी नीट उगवत नाही. मृगाचा पाऊस पडला की गादीवाफ्यावर अर्धा सेंटीमीटर खोल पेरावे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. पांढऱ्या माशीपासून रोपे वाचवायला अगदी बारीक विणीची जाळी वाफ्यावर ताणून बांधावी. चुरडामुरड्याचा एक विषाणू हीच माशी पसरवते. सहा आठवड्यांनी रोपे दोन-दोन फुटांवर लावावीत. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून झाड वरंब्यावरच हवे. मुळाशी पाणी साचले की रोप मान टाकते. पाने गोळा होऊन आखडलेले झाड मात्र उपटून जाळावे. त्याची दया करू नये, आणि त्याचे बी तर मुळीच घेऊ नये.

आता खरे काम. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण माश्या-मधमाश्या दुसऱ्या वाणाचा परागही आणतात. शेजारी संकरित किंवा भाजीची मिरची असली की भेसळ ठरलेली; आणि ती यंदाच्या फळात दिसत नाही, पुढच्या वर्षीच्या झाडात दिसते. म्हणून कळ्या उमलायच्या आधी फांदीवर मलमलीची पिशवी बांधावी. फळ धरले की पिशवी काढून तिथे रंगीत दोरा बांधावा. घरातल्या बायकांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर दोऱ्याची मिरची ठेच्यात जाते!

बियाण्यासाठी एकाच झाडाची मोठी फळे घेऊ नयेत. चार-पाच निरोगी झाडांची, झाडावरच पूर्ण लाल झालेली घ्यावीत. फोडताना हाताला आधी तेल चोळावे, नुसत्या पाण्याने आग जात नाही. (तिखटपणा बियांत असतो असे आपण म्हणतो, पण तो असतो आतल्या पांढऱ्या शिरेत. बियांना लागतो तो तिथलाच.) बी सावलीत वाळवून कोरड्या बाटलीत घट्ट बंद करावे, वर वाणाचे नाव व साल लिहावे. दोन वर्षांच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये.

पेरणीआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. पंधरा उगवल्या तर बी उत्तम. दहाच्या खाली आल्या तर दाट पेरावे, आणि त्याच हंगामात नवे बी धरून घ्यावे.