कवरत्तीच्या घोटाचा हिशेब

लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्रकल्प उभारला. क्षमता रोजची १ लाख लिटर. आकडा दणदणीत वाटतो, पण बेटाच्या सुमारे ११ हजार वस्तीत वाटला तर माणशी जेमतेम ९ लिटर! म्हणजे पिण्यापुरतं आणि भातापुरतं, धुणी-आंघोळी विहिरीवरच.

इथे समुद्र हेच इंधन. पृष्ठभागावरचं २८ अंशांचं पाणी निर्वात टाकीत सोडतात. तिथला दाब इतका कमी, की ते तापवल्याशिवायच वाफाळतं. सुमारे ३५० मीटर खोलीवरून ओढलेलं १२ अंशांचं पाणी त्या वाफेला थंड करतं.

म्हणजे फुकट? छे! पंप चालवायला आणि निर्वात राखायला वीज लागते, आणि बेटावर ती मुख्यतः जहाजाने आणलेल्या डिझेलवर तयार होते. दाब देऊन पडद्यातून पाणी गाळण्याच्या पद्धतीतही विजेची तीच गत. मोठ्या प्रकल्पाला हजार लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट पुरतात. छोट्याला अनेकदा जास्त, कारण वाया जाणारा दाब परत वापरणारं यंत्र तिथे परवडत नाही. कवरत्तीत तर ऑपरेटर, सुटे भाग आणि खोल समुद्रातली नळी यांचा खर्चही मोजक्याच लिटरांवर पडतो. खरी महागाई मिठाची नाही, छोट्या आकाराची.

आता समुद्रातल्या याच तापमान-फरकावर वीज करून प्रकल्प चालवण्याचा प्रयोग कवरत्तीतच हाती घेतला आहे.