नांगी, गोळी आणि रोहिणीची दारं

गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव बालाघाटाच्या डोंगराळ अंगाला आहे. अशा रानात वाढलेला माणूस कडब्याची पेंढी उचलण्याआधी पायानं उलटवून बघतो. दगडाखाली, गवऱ्यांच्या ढिगात, गंजीच्या बुडाशी लाल विंचू दडलेला असतो. त्याच घरातल्या कोनाड्यात आजीची बीपीची गोळी असते, बहुधा अ‍ॅमलोडिपिन. नांगीचा आणि गोळीचा काय संबंध, असं कुणीही विचारील. दोन्हींचा हिशेब शेवटी एकाच जागी होतो: रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायूपाशी.

रोहिणी ही नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूच्या पेशी कड्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. त्या आवळल्या की नळी अरुंद होते, सैलावल्या की रुंद. त्रिज्या निम्मी झाली तर रक्ताला होणारा अडसर सोळापट वाढतो, म्हणून इथला केसभर फरकही बीपीच्या आकड्यात उमटतो. आवळायचं की सैलावायचं हे बरंचसं पेशीच्या पटलावरच्या प्रथिनांच्या दारांवर, म्हणजे आयन चॅनेलांवर ठरतं. पेशीबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट असतं. त्याचं दार उघडलं की ते आत घुसतं आणि स्नायू आवळतो. पोटॅशियमची दारं उलट कामाची. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडलं की पटलावरचा विद्युतदाब बदलतो आणि कॅल्शियमची दारं मिटू लागतात. एक अ‍ॅक्सिलरेटर, दुसरा ब्रेक. अशा एकेका दारातून जाणारा प्रवाह एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये काचेच्या अतिसूक्ष्म नळीनं मोजून दाखवला. १९९१ चं नोबेल त्यासाठीच.

कॅल्शियमचं दार अडवणारी औषधं मात्र त्याआधीच हाती आली होती. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांना १९६० च्या दशकात दिसलं, की काही औषधं दिली की हृदयाचा स्नायू कॅल्शियम काढून घेतल्यासारखा वागतो. व्हेरापॅमिल त्यातलंच. १९७५ च्या सुमारास बाजारात आलेलं निफेडिपिन रोहिण्यांवर जोरात चाले, पण फार झटपट. कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत पडली आणि अंगाशी आली, कारण बीपी एकदम कोसळे. आजीचं अ‍ॅमलोडिपिन याच घराण्यातलं, पण ते सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात, म्हणून दिवसाला एक गोळी पुरते.

तिची एक खोड घरोघरी दिसते. संध्याकाळी आजी म्हणते, "चपलेचा पट्टा रुततोय गं." घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो. गोळीनं रोहिण्या रुंदावतात, शिरा तितक्या रुंदावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब साचतो आणि पाणी घोट्याशी उतरतं. पायावर सूज येण्याची कारणं इतरही असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं, गोळी मनानं सोडायची नाही. ब्रेकचं दार उघडणारं औषधही आहे, मिनॉक्सिडिल. बीपीसाठी दिलं तर अंगभर केस उगवू लागले, तेव्हा तेच टकलावर चोळायला आलं.

आता विंचू. त्याचं विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं मिटू देत नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या संप्रेरकाचा लोंढा सुटतो, रोहिण्या करकचून आवळतात. उलट्या, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, आणि शेवटी थकलेल्या हृदयामागं फुप्फुसात साठलेलं पाणी. याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळं काढलं गेलं. ते पोटॅशियमच्या एका मोठ्या दारालाच बूच मारतं. रोहिणीचा ब्रेक कसा चालतो हे शोधायला जगभरच्या प्रयोगशाळा हेच बूच वापरतात. आपल्या बांधावरचा विंचू असा विज्ञानाचं हत्यार झाला.

इलाज मात्र प्रयोगशाळेतून आला नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगडमधल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण बघत होते. कुठली लक्षणं दिसली की हृदय धोक्यात आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचा अनुभव लिहिला. प्राझोसिन दाराला हात लावत नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ज्या घंटेवर टोला देतं, ती अल्फा नावाची घंटाच ते झाकून ठेवतं. घंटा वाजली नाही की कॅल्शियमला आवतण जात नाही. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण शेकडा एकच्या आसपास आलं. अर्थात गोळी वेळेत पोटात गेली तर. विंचू उतरवून घेण्यात गेलेले तास तिला भरून काढता येत नाहीत. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन काही विंचवासाठी घडवलेलं नव्हतं. तीही बीपीचीच गोळी, औषधाच्या दुकानात आधीपासून पडून असलेली. गार पडलेले हातपाय चाचपत खाटेशी बसलेल्या डॉक्टरला तिचा दुसरा उपयोग दिसला.