गॅमा किरणक, प्रयोगशाळेतील
विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत रासायनिक व जैव नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करण्यासाठी वापरावयाचे उपकरण. शिशाच्या जाड कवचात कोबाल्ट–६० च्या कांड्या बसविलेल्या असतात व नमुना मधल्या पोकळीत सोडतात. कवच शाबूत असेपर्यंत शेजारी उभे राहणे निर्धोक असते. खरा धोका उपकरण वापरातून गेल्यावर उद्‌भवतो. कोबाल्ट–६० चा अर्धायुकाल ५·२७ वर्षे असल्याने २५ वर्षांनंतरही मूळ क्रियाशीलतेचा सु. १/२७ भाग उरतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. दिल्ली विद्यापीठात १९८५ पासून पडून असलेला किरणक फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकला गेला. मायापुरीच्या भंगारबाजारात तो मोडताना कांड्या बाहेर आल्या; अनेकांना किरणोत्सर्गबाधा होऊन एप्रिलमध्ये एक कामगार मरण पावला. शिशाला चांगला भाव येतो, हेच कवचाच्या मुळावर येते. मुंबई उपनगरातील अणुशक्तीनगर येथील अणुऊर्जा नियामक मंडळ (स्थापना १९८३) व तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या तज्ञांनी कोबाल्टचे तुकडे हुडकून काढले. वास्तविक २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी उद्‌गमाची जबाबदारी परवानाधारकावर टाकली होती. परंतु उपकरण जाणणारे प्राध्यापक निवृत्त झाले की भांडारनोंदीत ‘जुने यंत्र’ एवढेच उरते. वापर संपलेला उद्‌गम मंडळाच्या अनुमतीने पुरवठादाराकडे किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा लागतो; तोपर्यंत कवचावरील किरणोत्सर्गाचे त्रिदली चिन्ह पुसू देता कामा नये.